कळ

अंबुबाई म्याकल आल्या तेव्हा बाहेर चव्वेचाळीस
आणि लाइट गेलेली.
साखर पेठेतून चालत आलेल्या, तोंडावर पदर,
पदरावर टॉवेलचे पांढरे तंतू.

तीस वर्षं एकाच सुळ्यानं दोरा तोडलाय त्यांनी.
सुळ्याला खाच, इतकी सरळ
की मला वाटलं कुणी कानशीनं घासलीय.
परवा कडक भाकरीनं तिथूनच टवका उडवला.
"भाकरीला बोल नाही लावायचा," म्हणाल्या,
"चटणी लई झाक होती."

आत जीव आहे अजून.
पुस्तकात त्याला दंतमज्जा म्हणतात,
मी पेशंटसमोर जीवच म्हणते.
तांदळाच्या कणीएवढा. चारी बाजूंनी हाड,
दार एकच, मुळाच्या टोकाशी, केसाएवढं.
रागावून सुजायचं म्हटलं तरी
त्याला जागा नाही.

क्याप बसवायची म्हणजे आधी दात घासून बारीक करायचा.
हात राखूनच घासलं.
तरी जीव आणि जग यांच्यात दीडच मिलिमीटर उरलं,
दोन असतं तर मी रात्री झोपले असते.
त्या दीडात नळ्या, टाचणीच्या टोकाखाली हजारो,
आणि तळाशी एकेक पेशी, नळीत हात घालून बसलेली.
हवेचा फवारा जरा जास्त झाला
तर ती अख्खी नळीत ओढली जाते.
म्हणून कापसानं टिपलं. हळू.
बाळाचे कान टिपावेत तसं.

"शिमिटानं चिकटवणार? आमच्या मल्लेशच्या कारखान्यातल्या?"
त्यांचा मुलगा होटगी रोडला पोती मोजतो.
नाही म्हणाले. पण नातं आहेच:
दोघंही घट्ट होता होता तापतात.

आधी चुन्याचा पातळ हात दिला,
तंबाखूत मळतात त्याच्याच घरातला चुना, शुद्ध.
"म्हंजे डॉक्टरीणबाईनं मला चुना लावला!"
तोंड उघडं ठेवून त्या हसल्या,
माझा आरसा धुरकटला.

मग जस्ताची पावडर, आम्लाचे थेंब.
इरफानानं काच माठातल्या पाण्यातून काढली, कोरडी पुसली.
चिमूट चिमूट, काचभर पसरत घोटायचं,
घाई केली की तापतं,
पातळ ठेवलं की आंबट राहतं.
ताजं सिमेंट लिंबाइतकं आंबट.
दीड दिवसात निवळतं.
त्या दीड दिवसात नळ्यांमधून काय खाली झिरपतं,
जीव त्याच्याशी कसा बोलतो, भांडतो की गप्प बसतो,
मला दिसत नाही.
मी क्याप दाबून धरली, घड्याळाकडे पाहत.

रात्री साडेदहाला फोन. "दुखूलालंय.
गार पाणी प्यालं की चमक मारतीय."
चमक मारून जाते की राहते?
"जातीय."
मग थांबू, म्हणाले.
खरं तर कपाटातली सुई डोळ्यांपुढे आली होती,
मुळाचं काम, आतला सगळा जीव ओढून काढणारी.
मेलेला दात दुखत नाही. तो सोपा असतो.

गड्ड्याच्या थंडीत आल्या, कानाला मफलर,
हातात भाग्यश्रीसाठी घेतलेलं भिरभिरं.
बर्फाची कांडी सुळ्याला टेकवली.
एक.
दोन.
अंबुबाईंचा हात वर गेला,
मराठी विसरून म्हणाल्या, "नोप्पी!"
मी कांडी काढली. तीनपर्यंत मोजलं.
गेली?
"गेली."

त्यांना लागलं म्हणून मला इतका आनंद
की इरफाना बघतच राहिली.
आपल्या भाषेनं बरं केलंय,
दुखणारी ती कळ, आणि समजलं तेही कळलं.
एक्सरेत जिवानं आपल्या बाजूनं भिंत घातलेली,
पुसट, ओबडधोबड,
गवंड्याशिवाय.

"आता दोरा कात्रीनं तोडायचा."
"हो हो."
जाताना माझ्या एप्रनच्या बाहीचा लोंबता धागा त्यांना दिसला.
मी काही बोलायच्या आत वाकल्या
आणि त्याच सुळ्यानं
टच.